नाकाड्या राजाचा सातवा तडा

लिलावाचा कॅटलॉग टपालाने आला तेव्हा चष्मेवाले एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते. फ्रेम डावीकडे कलत होती, गिऱ्हाईक उजवीकडे, आणि चष्मेवाल्यांचं लक्ष काउंटरवर पडलेल्या जाड पाकिटाकडे. "वाचता येतंय का?" हे विचारायचं सोडून त्यांनी "झालं, झकास!" म्हणत गिऱ्हाइकाला वाटेला लावलं, दारावरची पाटी फिरवून दुकान बंद केलं आणि पाकीट टराटरा फाडलं.

जे शोधत होते ते मधल्या पानावर सापडलं. पानभर फोटो, खाली जाड अक्षरांत वर्णन, आणि त्याखाली अंदाजे किंमत. किंमत वाचून चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा होता तिथेच होता.

"मेल्यांनो!" ते रिकाम्या दुकानाला उद्देशून म्हणाले.

आता त्यांचा एवढा तिळपापड का झाला हे कळायचं तर आधी नाकाड्या राजा कोण ते सांगायला हवं. दोन हजार वर्षांपूर्वी कुठल्याशा लहान बंदरावर राज्य करून गेलेला हा माणूस. त्याचं नावसुद्धा धड कुणाला वाचता आलेलं नाही. त्याने चांदीची बारकी नाणी पाडली, करंगळीच्या नखाएवढी, आणि त्यांवर स्वतःचा चेहरा उमटवला. चेहरा कसला, नाकच. नाण्याची अर्धी जागा त्या नाकाने अडवली होती. जुन्या नाण्यांच्या बाजारात या राजाला कुणी विचारत नसे. व्यापाऱ्यांच्या ट्रेमध्ये 'किरकोळ' अशी चिठ्ठी लावलेल्या खणात तो पडलेला असायचा.

चष्मेवाल्यांनी पहिलं नाणं घेतलं तेव्हा ते दुकानात नवीन होते आणि लग्नही नुकतंच झालेलं होतं. नाण्याच्या कडेवर, राजाच्या डोक्याच्या वर, केसासारखी एक रेघ उठून आली होती. दिवसभर काचांवरचे ओरखडे बघणारा माणूस तो, त्याच्या नजरेतून रेघ सुटते कसली? पुढे दुसरं नाणं मिळालं. त्यावर तीच रेघ, पण थोडी लांब, मुकुटापर्यंत आलेली. तिसऱ्यावर ती कपाळावर उतरली होती. आणि मग चष्मेवाल्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या लोखंडी ठशाने ही नाणी पाडली त्या ठशालाच तडा गेला होता, आणि घणाच्या प्रत्येक घावाबरोबर तो वाढत चालला होता. कुणी तरी कारागीर दोन हजार वर्षांपूर्वी तो तडा बघत होता आणि आजचा दिवस निभावून नेऊ, उद्याचं उद्या बघू, म्हणून घाव घालत होता. आपल्या हयातीत इतकी ओळखीची वाटलेली दुसरी गोष्ट नाही, असं चष्मेवाले म्हणत.

बायकोला त्यांनी हे बिस्किटावर समजावलं होतं. "हे बघ, बिस्किटाच्या साच्याला तडा गेला, तर पीठ त्या फटीत शिरतं. मग बिस्किटावर रेघ येते ती उठावाची. बोटाला लागते. पण बिस्किटच फुटलं, तर रेघ खोल. पहिलं म्हणजे साच्याचा इतिहास. दुसरं म्हणजे नुसतंच मोडकं बिस्किट."

"आणि मोडक्या बिस्किटाची किंमत?" बायकोने विचारलं होतं.

"शून्य."

बायको पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची. घरातल्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं. जाड कापड आलं की ते मशीन टाके गाळायचं, कुरकुरायचं आणि मध्येच हटून बसायचं, मग ती हाताने चाक फिरवून त्याला पुढे ढकलायची. मशीनच्या वर भिंतीला तिने एका नव्या मशीनचं रंगीत पत्रक टाचणीने लावलं होतं. ते मशीन दोन पदरी कॅनव्हास लोण्यासारखं शिवतं, असं तिला शोरूममध्ये जाऊन दोनदा स्वतः शिवून बघितल्यावर कळलं होतं. त्यासाठी ती बरीच वर्षं पैसे बाजूला टाकत होती. "घेऊ की, पुढच्या महिन्यात," असं चष्मेवाले म्हणत. हा पुढचा महिना त्यांच्या घरात मुक्कामालाच होता.

तर अशी एकेक करत सहा नाणी जमली. सहाव्यावर तडा राजाच्या नाकाच्या शेंड्यापाशी येऊन थांबला होता. आता राहिलं सातवं. नाकातून आरपार गेलेला तडा, ठशाचा शेवटचा श्वास. ते नाणं कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं. पण ते असणार, असायलाच हवं, कारण ठसा फुटायच्या आधी निदान एक घाव तरी त्याच्यावर पडलेलाच असणार. चष्मेवाल्यांच्या कपाटातल्या निळ्या मखमली ट्रेला सात खळगे होते आणि सातवा रिकामा होता. सकाळी दुकानात जाण्याआधी ते त्याच्याकडे बघत, आणि त्यांचा चहा निवून जाई.

इथवर सगळं ठीक होतं. इथवर तडा गेलेला नाकाड्या राजा म्हणजे कचऱ्याच्या भावातला माल होता आणि त्याचं मोल जगात एकट्या चष्मेवाल्यांना ठाऊक होतं. संग्राहकाला यापेक्षा जास्त सुख काय हवं? तोंड मिटून बसायचं. पण नाही! नाणी जमवणाऱ्या माणसाला एकदा तरी लेख लिहायची खुमखुमी येतेच. चष्मेवाल्यांनी नाणेमंडळाच्या त्रैमासिकात अकरा पानांचा लेख लिहिला. तडा कसा सुरू झाला, कसा वाढला, सहा फोटो, सहा आकृत्या, आणि शेवटी एक खणखणीत वाक्य: सातवं नाणं सापडलं तर ते या मालिकेतलं सर्वांत दुर्मीळ ठरेल. मंडळाच्या सेक्रेटरींनी पाठ थोपटली. टाळ्या पडल्या. चष्मेवाले चार दिवस हवेत होते.

पाचव्या दिवशी जमिनीवर आले. त्यांचं तिसरं नाणं फार झिजलेलं होतं, म्हणून ते चांगलं तिसरं शोधत होते. असं एक नाणं लिलावात निघालं. चष्मेवाले नेहमीच्या हिशेबाने गेले, चहापाण्याच्या पैशात घेऊन येऊ म्हणून. तर भिंतीशी टेलिफोन घेऊन बसलेल्या मुलींपैकी एकीने हात वर केला. फोनवर कुणी तरी बोली लावत होतं. चष्मेवाल्यांनी वाढवली, फोनने वाढवली, चष्मेवाल्यांनी पुन्हा वाढवली आणि मग खिशाचा विचार करून बोली लावायची आपली क्रमांकाची पाटी खाली घेतली. पुढच्या लिलावातही तेच. फोनवाला कोण, ते लिलावघर सांगत नाही. पण त्याने लेख वाचला होता यात शंका नव्हती. चष्मेवाल्यांनी स्वतः जन्माला घातलेला वैरी होता तो.

आणि आता हा कॅटलॉग. 'तडा नाकातून आरपार, आजवर अज्ञात अवस्था,' आणि पुढे चक्क त्यांच्या लेखाचा हवाला, पान क्रमांकासकट. त्याखाली ती किंमत. आपल्याच लेखाने आपल्याच पायावर धोंडा टाकला होता, आणि तोही पान क्रमांकासकट.

संध्याकाळी घरी ते भांड्यांवर राग काढत होते. बायको मशीनवरून उठली नाही, पण पाय थांबवून ऐकत होती.

"काल जी वस्तू कुणी फुकट उचलली नसती, तिला आज ही किंमत! का? तर मी सांगितलं म्हणून! चांदी तेवढीच, नाक तेवढंच! नुसत्या माझ्या एका वाक्यावर एवढा भाव चढवला गधड्यांनी!"

"मग तुम्हाला काही सूट नाही का देत?"

"सूट? अगं, हातोडा पडला की वर यांचं कमिशन चढतं. विकणाऱ्याकडून घेतात ते निराळं. अंदाजाची किंमत म्हणजे नुसतं गाजर. खरी किंमत कधी ठरते ठाऊक आहे? दोन वेडे एकाच वेळी एका खोलीत असले तर. एकच वेडा असला तर नाणं मातीमोल जातं. दोघं असले की संपलं. जिंकणारा किती देणार हे हरणारा ठरवतो!"

बायकोने कापडाची कड सरळ केली. "अहो, सातवं मिळालं की संपतं ना हे?"

"संपतं."

"नक्की? नाहीतर आठवं निघेल."

"आठवं निघणारच नाही. ठसाच फुटला त्यानंतर."

"म्हणजे मग तुम्ही जेवताना कॅटलॉग वाचणार नाही? कुणाच्या घरी गेलो की त्यांच्या जुन्या डब्यांत डोकावणार नाही?"

"माझी थट्टा सुचतेय तुला," चष्मेवाले उखडले. "मी जाणारच नाही त्या लिलावाला. पाय ठेवणार नाही. घेऊ दे त्या फोनवाल्याला, घालू दे नाकात!"

बायकोने कापड पुढे सरकवलं. तिने पायाखालची पट्टी दाबली, मशीन कुरकुरलं, हटलं, आणि तिने नेहमीसारखं हाताने चाक फिरवलं.

जाणार नाही म्हणणारा संग्राहक आणि चहा सोडला म्हणणारा माणूस, दोघांवरही कुणी विश्वास ठेवू नये. लिलावाच्या आदल्या दिवशी नाणी हातात घेऊन बघता येतात. चष्मेवाल्यांनी घरी काचांच्या ठोक व्यापाऱ्याकडे जातो म्हणून सांगितलं आणि थेट लिलावघर गाठलं.

लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, प्रत्येक खुर्चीसमोर एक दिवा. कॅटलॉग लिहिणारा तरुण अधिकारी त्यांना ओळखून उठून उभा राहिला. "सर, तुमच्या लेखामुळेच कळलं आम्हाला. नाहीतर हे किरकोळमध्येच गेलं असतं." त्याने नाणं अगदी दोन बोटांत धरून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

पंचवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते नाणं तळहातावर होतं, आणि वजन म्हणाल तर एखाद्या बटणाएवढंही नाही. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. तोच राजा, तेच नाक, आणि नाकातून हनुवटीपर्यंत सरळ गेलेली रेघ. मग सवयीने त्यांनी नाणं दिव्याखाली तिरकं केलं.

सावली भलत्याच बाजूला पडली.

त्यांनी नाणं उलट दिशेने कलतं करून पाहिलं. पुन्हा तेच. हळूच नखाचं टोक रेघेवरून फिरवलं. नख अडखळलं नाही, आत उतरलं. रेघ खोल होती. ठशाचा तडा नव्हताच तो. दोन हजार वर्षांत कधी तरी, कशावर तरी आपटून नाणंच चिरलं होतं. फोटोत प्रकाश एका बाजूने पडला की खड्डा उंचवट्यासारखा दिसतो, आणि फोटोवरून वर्णन लिहिणाऱ्याने लेखातलं वाक्य वाचून त्यात हवं ते पाहिलं होतं.

मोडकं बिस्किट.

चष्मेवाल्यांना रडू आल्यासारखं झालं. रिकामा खळगा रिकामाच राहणार होता. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं आणि आता सांगणारच होते, तेवढ्यात तो तरुण खालच्या आवाजात, एखादी मेजवानी वाढावी तसा म्हणाला, "सर, फोनवरची एक बोली आधीच नोंदवली गेलीय. खास या एका नाण्यासाठी."

चष्मेवाल्यांनी तोंड मिटलं.

फोनवाला! त्यांचं तिसरं नाणं पळवणारा, त्यांच्या अकरा पानांवर आयता जेवणारा! इतका मातब्बर की नाणं बघायला यायचीही त्याला गरज वाटत नाही. घे लेका, घे. भोग आपल्या कर्माची फळं. सगळा संताप, सगळी निराशा एका क्षणात गोड झाली, आणि असली गोडी फार वाईट असते हे त्यांना तेव्हा कळलं नाही.

"छान आहे," ते म्हणाले आणि नाणं परत दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "आज दुकानातून लवकर येऊ नका हं, माझं काम आहे घरी." एरवी चष्मेवाल्यांनी कसलं काम म्हणून विचारलं असतं. आज त्यांनाच जायची घाई होती. दुकान दुपारी बंद ठेवून ते लिलावाच्या हॉलमध्ये सेक्रेटरींच्या शेजारी जाऊन बसले.

"घेताय ना सातवं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"बघू."

बोली पुकारणाऱ्याने नाण्याचा क्रमांक सांगितला, लेखाचं नाव घेतलं, हॉलमधल्या दोघातिघांनी वळून चष्मेवाल्यांकडे पाहिलं. सुरुवातीची बोली कॅटलॉगातल्या अंदाजाच्या निम्म्यावर होती. भिंतीशी बसलेल्या मुलीने फोन कानाला लावूनच हात वर केला. हॉल शांत. पुढच्या रांगेतले व्यापारी खाली माना घालून पानं उलटत होते. आणखी कुणी? बोली पुकारणाऱ्याने हातोडा उचलला.

चष्मेवाल्यांची पाटी वर गेली.

आपली पाटी आपण वर केली की ती आपोआप गेली, हे नंतर त्यांना आठवेना. एवढ्या स्वस्तात सुटतोय काय? मला दोनदा तोंडघशी पाडलंस, आता मोज. मुलगी फोनमध्ये पुटपुटली, हात वर झाला. चष्मेवाल्यांची पाटी वर. फोन. पाटी. अंदाजाचा आकडा मागे पडला. सेक्रेटरींनी त्यांचा कोपर दाबला. "जपून हो!" चष्मेवाले हसले. त्यांना आतून उकळ्या फुटत होत्या. आता फोनकडून उत्तर यायला वेळ लागू लागला होता. मुलगी थांबायची, ऐकायची, मग हात वर करायची. घाम फुटलाय साहेबांना!

आणखी एकदा, त्यांनी ठरवलं. शेवटचं. पाटी वर केली.

मुलगी फोनमध्ये बोलली आणि थांबली. बराच वेळ थांबली. बोली पुकारणाऱ्याने "हॉलमध्ये, डावीकडे," असं म्हणत चष्मेवाल्यांकडे हातोडा रोखला, आणि चष्मेवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. फोनवाला सुटला तर? मोडकं बिस्किट, या किमतीला, वर कमिशन, आपल्या गळ्यात! दुकानाचं भाडं, बायकोला काय तोंड दाखवायचं! "पहिली वेळ," बोली पुकारणारा म्हणाला. "दुसरी वेळ."

मुलीने हात वर केला.

हातोडा पडला. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. नाकाड्या राजाला इतकी किंमत आजवर कधी आली नव्हती. सेक्रेटरी सांत्वन करायला वळले तर चष्मेवाले रुमालाने मान पुसत खदाखदा हसत होते.

घरी पोचले तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. बायको टेबलापाशी उभी होती, मशीनवर नव्हती. टेबलावर निळा मखमली ट्रे काढून ठेवलेला होता. चष्मेवाल्यांनी ते पाहिलं, पण त्यांच्या पोटात बातमी मावत नव्हती.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐक! मग तुझं. अगं बस, बस. तुला सांगितलं नाही, पण गेलो होतो मी लिलावाला."

"तुम्ही गेला होतात?"

"गेलो तर! त्या फोनवाल्याला आज असा कात्रीत धरला म्हणतेस! दोन्ही लिलावांचा राग काढला." आणि चष्मेवाल्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काल चोरून नाणं बघायला गेलो ते, नख फिरवलं ते. "खोल! रेघ खोल! मोडकं बिस्किट! आणि हे मला एकट्याला ठाऊक. म्हटलं, घे लेका. तो निम्म्या किमतीत घेऊन जात होता. दुसरं कुणीच नव्हतं हॉलमध्ये, एक माणूस बोलायला तयार नाही. मग मी चढवायला लागलो. चढवली, चढवली, पार तिप्पट केली! काय मजा आली म्हणून सांगू!"

बायको खुर्चीवर बसली.

"दुसरं कुणीच नव्हतं?" तिने विचारलं.

"कुणी म्हणजे कुणी नाही. मी आणि तो."

"शेवटी ती मुलगी बराच वेळ थांबली होती."

"हो ना! माझा तर जीवच..." चष्मेवाले थबकले. "तुला कसं ठाऊक?"

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, टेबलावरच्या ट्रेकडे पाहिलं, त्यातल्या पुसून स्वच्छ केलेल्या सातव्या खळग्याकडे पाहिलं. मग का कोण जाणे, त्यांची नजर मशीनच्या वर भिंतीकडे गेली. तिथे टाचणीची चार भोकं होती आणि पत्रकाएवढा एक फिकट चौकोन होता. पत्रक नव्हतं.

चष्मेवाल्यांना आपलं हसू अजून तोंडावर आहे हे जाणवलं आणि ते पुसायचं कसं ते कळेना.

"मी तिला म्हटलं, जरा थांब," बायको म्हणाली. आवाज शांत होता, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. "मनात आलं, सोडून द्यावं. फारच चाललंय हे. मशीनचे पैसे तर गेलेच, वरचेही जाणार. पण मग म्हटलं, मी पहिल्यांदाच बोली लावतेय, मला नाण्यातलं काय कळतं? समोर कुणी तरी जाणकार बसलाय, तो सोडत नाहीये. एवढं मागतोय म्हणजे नाणं खरंच असणार. त्याच्या भरवशावर हो म्हटलं मी."

चष्मेवाले मटकन खाली बसले. त्यांना एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"अगं, पण तू... तू का..."

"सातवं मिळालं की संपतं म्हणालात."

टेलिफोन वाजला. दोघंही दचकली. चष्मेवाल्यांनी उचलला. सेक्रेटरींचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "अहो, निराश होऊ नका! मान तुमच्या लेखाचाच आहे! मंडळाच्या पुढच्या अंकात छापतो मी. आता सातव्याचा भाव ठरला म्हणायचा. दुसरं कधी निघालंच, तर इथूनच सुरुवात होणार!" चष्मेवाल्यांनी हूं हूं करत फोन ठेवला.

"परत करू," ते घाईने म्हणाले. "वर्णन चुकीचं आहे त्यांचं. तडा ठशाचा म्हणून छापलंय. चुकीच्या वर्णनाचा माल परत घ्यावा लागतो त्यांना, नियमच आहे. लिहून कळवायचं, पुराव्यासकट..." बोलता बोलता ते अडकले.

"काय झालं?"

"काल बघणाऱ्यांच्या वहीत माझी सही आहे. आणि आज दुसरी बोली माझ्या पाटीची. पत्ता तुझा-माझा एकच. त्यांना वाटेल, आपण दोघांनी मिळून भाव फुगवला आणि आता..." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "खरं काय झालं ते सांगावं लागेल. की मी बघितलं होतं, मला ठाऊक होतं, आणि तरी मी मुद्दाम चढवत गेलो. असं लिहून दिलं तर पुन्हा कुठलं लिलावघर मला पाटी देणार नाही, पैसे मिळोत न मिळोत. उद्या खरं सातवं निघालं तरी नाही. मंडळात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

बायको उठली. तिने ट्रे उचलून कपाटात ठेवला आणि कपाट लावून घेतलं. मग ड्रॉवरमधून कोरे कागद काढले, त्यांच्यासमोर ठेवले, वर पेन ठेवलं. मशीनवर जाऊन बसली. सोफ्याचं जाड कव्हर अर्धं शिवून पडलं होतं. तिने पट्टी दाबली. मशीन दोन टाके चाललं आणि हटून बसलं.

चष्मेवाले कागदाकडे बघत राहिले. "एवढं सगळं लिहू तरी कसं मी?"

"लेखात लिहिलं होतंत तसं," ती हाताने चाक फिरवत म्हणाली. "अकरा पानं झाली तरी चालतील."